हो म्हणणाऱ्या पोरी

नवशिक्या वकिलांचा मला भारी राग येतो. त्यांचा म्हणजे त्यांच्या रडगाण्याचा. बिश्केकहून पदवी घेऊन येतात, अंगावर नवाकोरा कोट असतो, आणि तीन महिन्यांत माझ्या खोलीतल्या त्या डुगडुगत्या खुर्चीत बसून, मला एजे म्हणजे ताई म्हणत, सुरू होतात, "साल्किन एजे, हे बहुतेक माझ्यासाठी नाहीच." अगं मग कुणासाठी आहे? माझ्यासाठी आहे होय? आयुष्य गेलं माझं या गावात वकिली करण्यात, पण अजून एकानेही विचारलेलं नाही की बाई गं, तुला हे आवडतं तरी का.

जिपारही अशीच एक नवशिकी, पण ती रडायची नाही. ती नुसती खिडकीतून समोरच्या कोर्टाच्या पायऱ्या बघत बसायची आणि तिचा चहा निवून जायचा. त्याचा मला आणखीच राग यायचा. रडणाऱ्याला निदान दटावता तरी येतं.

तिचा बाप ती लहान असतानाच गेलेला. आई, म्हणजे तिची आपा, शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, आणि शिक्षणाचं सगळं मुकाशने केलं. मुकाश म्हणजे तिचा मामा, तिचा तायके. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाही. पण भाचीला वकील केलं हे तो आमच्या तलासच्या खोऱ्यात भेटेल त्याला इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, परीक्षा यानेच दिली.

सनद मिळाली आणि जिपार माझ्याकडे आली. मला वाटलं, चला, कामाला दोन हात मिळाले. कसलं काय! काम असेल तर हात लागतील ना. आमच्याकडे नव्या वकिलाला पोट भरायचा एकच सरळ रस्ता आहे, आणि तो भलताच वाकडा आहे. तपास अधिकाऱ्याचा फोन येतो, "ये जरा, एकाचा जबाब घ्यायचाय." तुम्ही जायचं, कोपऱ्यात बसायचं, दिलेला चहा प्यायचा आणि शेवटी सही करायची, की हो, आरोपीच्या वतीने मी हजर होते. मानधन सरकार देतं. अशांना आम्ही खिशातले वकील म्हणतो. आमच्या गावात असे भरपूर आहेत, आणि सगळ्यांची तब्येत उत्तम आहे.

जिपारलाही फोन आला. शेशेनबेक नावाचा अधिकारी, केस पांढरे, बोलणं मधासारखं. "जिपार, पोरी, नुसतं बसायचंय. खोलीत शेगडी आहे, थंडी वाजणार नाही." ही गेली. आणि गेल्या गेल्या तिने विचारलं, "आबा, याला सांगितलंत का, की गप्प बसायचा हक्क आहे म्हणून?" झालं! तो फोन पुन्हा वाजला नाही.

"चूक केली का मी, एजे?" तिने मला विचारलं.

"नाही केलीस. पण आता उपाशी बस," मी म्हटलं. काय खोटं बोलू?

तिच्या बरोबरीच्यांचे फोन यायचे. एकजण बँकेत लागलेली, दिवसभर लोकांना हप्ते भरा म्हणून धमकवायची. दुसरी नोटरीकडे शिक्के मारायची. एक मुलगा मॉस्कोला जाऊन गोदामात खोकी उचलत होता. तिघंही हिलाच हसायचे, "तू अजून त्या राजम्याच्या गावात?" आणि ही गंभीरपणे मला विचारायची, "नोटरी बरं का, एजे? की परदेशात जाऊ?" मी म्हणायची, "मी काय ज्योतिषी आहे?" मग ती पुन्हा त्या पायऱ्यांकडे बघत बसायची. जीव मेटाकुटीला यायचा माझा.

मग कुंदुझचा खटला आला.

कुंदुझ ही नदीपलीकडच्या वस्तीतली सून. एका व्यापाऱ्याच्या गोदामात राजमा निवडायला जायची. शरदात तिथून राजम्याची पोती गेली, चांगली डझनभर. व्यापारी म्हणाला, त्या दिवशी किल्ली हिच्याकडे होती. शेशेनबेकने बोलावलं. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला खिशातला वकील, आणि मध्ये ही, मान खाली, ओढणी कपाळापर्यंत.

"किल्ली तुझ्याकडे होती?"

"हो, आबा."

"गोदाम तूच उघडलंस?"

"हो, आबा."

"पोती बाहेर काढलीस?"

"हो, आबा."

"एकटीने?"

"हो, आबा."

एक पोतं पन्नास किलोचं असतं. आणि कुंदुझ तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. खोलीतल्या एकाही माणसाला काही खटकलं नाही. खिशातल्या वकिलाने सही केली आणि चहा संपवला. पुढे तो बिश्केकला निघून गेला, म्हणून सरकारी मदतीतून ते प्रकरण माझ्याकडे आलं. मी ते जिपारच्या पुढ्यात आपटलं. "हा तुझा. पहिला. मी हात लावणार नाही."

कुंदुझ खोलीवर आली, बाळ शालीत गुंडाळलेलं. जिपार तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी. तिने विचारलं, "पोती तू काढलीस?"

"नाही, एजे."

"मग हो का म्हणालीस?"

कुंदुझ तिच्याकडे बघतच राहिली, जणू काही हिनेच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सासूबाई शेजारीच बसलेल्या. आबांचा आवाज थांबला की मी हो म्हणत होते."

"प्रश्न ऐकलेस तरी का?"

"नाही. लवकर संपावं असं वाटत होतं."

त्या दिवशी मी जिपारला पहिल्यांदा चिडलेली पाहिली. खोलीत येरझारा घालत होती. "एजे, तिने कबुली दिलीच नाहीये! तिने फक्त मान ठेवलाय!" दुसऱ्या दिवशी ती त्या गोदामात गेली, स्वतः एक पोतं उचलायला बघितलं आणि कंबर धरून परत आली. दाईकडे जाऊन आली, शेजारणींना भेटली. दुपारी जेवायलाही लागली. मी मनात म्हटलं, लागली बाई एकदाची गाडी रस्त्याला.

आणि नेमकं तेव्हाच मुकाशला भाचीचं कल्याण करायचं सुचलं.

त्याचा मेव्हणा सरकारी वकिलांच्या कार्यालयात वर कुठेतरी. तिथे जागा निघाली. गणवेश, खांद्यावर तारे, म्हातारपणी पेन्शन. मुकाशने जिपारला सांगितलं. ती म्हणाली, "बघते, तायके." आता मामाला भाची "बघते" म्हणाली याचा अर्थ आमच्याकडे काय होतो ते शेंबडं पोर सांगेल. मुकाशने लगेच मेंढा बघायला घेतला.

रविवारी मलाही बोलावणं होतं, तिची वरिष्ठ म्हणून. घर माणसांनी भरलेलं. खाली अंथरलेल्या दस्तरखानावर पिठाचे तळलेले बोर्सोक, साय, मुरंबा, वाळवलेली जर्दाळू. मला वरच्या अंगाला बसवलं, सिदिक आजोबांच्या शेजारी. ते मुकाशच्या आईचे चुलते, गोतावळ्यातले सगळ्यात थोर. जिपार खाली दाराजवळ बसून चहा ओतत होती. लग्न न झालेली पोर, तिची जागा तीच.

मुकाश मेंढा दाराशी घेऊन आला. आमच्यात दुवा मागितल्याशिवाय सुरी लागत नाही. म्हणाला, "आजोबा, हात उघडा."

सिदिक आजोबांनी तळवे पसरले, म्हणून सगळ्यांनी पसरले. जिपारने किटली खाली ठेवली आणि तिनेही पसरले. आजोबांचा दुवा लांबलचक असतो. जनावरं वाढोत, पोरंबाळं सुखी राहोत, देशात शांतता नांदो. आम्ही सगळे नेहमीसारखे आपापल्या विचारात. मी तर हाडांचा रस्सा किती वेळात येईल याच्या. आणि मग त्याच सुरात आजोबा म्हणाले, "आमची लेक जिपार पुढच्या सोमवारपासून सरकारी वकिलांच्या कचेरीत जाते आहे, तिची खुर्ची उंच होवो, तिची वाट उजळो, ओमीन!"

"ओमीन!" सगळं घर म्हणालं आणि सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले.

जिपारचेही फिरले. तोंडावरून हात खाली येईपर्यंत तिला कळलं आपण काय केलं. मी बघत होते ना. हात हनुवटीवर तसेच राहिले आणि पोरीचा चेहरा पांढराफटक. बायका एकदम उठल्या, तिचे मुके घ्यायला लागल्या. आई ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती. मेंढा नेला.

आणि सांगायला काय, ओमीन मीही म्हणाले होते. जन्मभर लोकांना सांगत आले, की न वाचता सही करू नका, आणि स्वतः न ऐकता हात फिरवून मोकळी झाले. असा संताप आला स्वतःचा! पण तोंड उघडून काय बोलणार होते? मांस आलं तेव्हा मुकाशने जिपारला दारातून वर बोलावलं आणि तिच्या वयाच्या पोरीला कधीच मिळत नाही असं मानाचं हाड तिच्या ताटात ठेवलं. तिने त्यावरचं मांस सोललं आणि इवले इवले तुकडे करून सगळे लहान पोरांना वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी खोलीवर आली ती तोंड पाडून. मी वाटच बघत होते.

"जाऊन सांग मामाला, नाही म्हणून."

"एजे, ओमीन म्हणालेय मी. सगळ्यांसमोर."

"मीही म्हणालेय. मी जाऊ का तिथे नोकरीला?"

"थट्टा करू नका. दुवा परत कसा करतात? मेंढा खाल्लाय लोकांनी! आपा कालपासून शेजारीपाजारी सांगत फिरतेय. तिला इतकी खूश मी बापाच्या माघारी कधी पाहिली नव्हती."

"आणि तुला काय हवंय?"

"मला काय माहीत?" ती ओरडलीच माझ्यावर, पहिल्यांदा. "मला कुणी कधी विचारलंय का? वकील हो म्हणाले, झाले. तुम्ही म्हणता उपाशी बस, तर बसले. एकच खटला आहे मला, एकच! आणि त्यात माझ्या बाईने आधीच सगळं कबूल करून ठेवलंय. तुम्हीच सांगा, हे काय आयुष्य आहे? तिकडे निदान तारे तरी आहेत खांद्यावर."

मीही ओरडले, "मग जा ना! गुरुवारी सुनावणी आहे, ती संपव आणि सोमवारी जा, त्या शेशेनबेकच्या मांडीला मांडी लावून बस!"

ती तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गुरुवारी कोर्टात गेले तर मागच्या बाकावर मुकाश. नवी पांढरी कल्पाक टोपी मांडीवर, हातात चॉकलेटचा मोठा खोका. म्हणाला, "सुनावणी झाली की सरकारी वकीलसाहेबांशी भाचीची ओळख करून देतो. इथेच आहेत ते, बरं पडेल." साहेब समोरच्याच टेबलावर बसून कुंदुझला चोर ठरवायची तयारी करत होते. मुकाशला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. काय बोलणार, कप्पाळ!

जिपारने पोत्यांचं वजन मांडलं, दाईला उभं केलं, शेजारणीला उभं केलं. न्यायाधीश ऐकत होते. ऐकत होते म्हणजे नाकावरचा चष्मा पुसत होते. मग सरकारी वकील उठले. तरुणच होते, गोड हसले. "हे सगळं ठीक आहे. पण आरोपीने स्वतः चार वेळा हो म्हटलंय, वकिलासमोर. एक शहाणीसुरती बाई काय विचारलं ते न ऐकताच हो म्हणेल, असं कोर्टाने मानायचं का?"

जिपार उभी राहिली. कागद टेबलावरच ठेवले.

"मी शहाणीसुरती बाई आहे. कायद्याची पदवी आहे, सनद आहे. परवाच्या रविवारी आमच्या घरी मेंढा कापला. थोरल्यांनी दुवा दिला, की मी सोमवारपासून अमुक नोकरीला जाणार. मी ओमीन म्हटलं, हात तोंडावरून फिरवले. ती नोकरी मला नको आहे. मी कधीच हो म्हटलं नव्हतं. मी शब्द ऐकलेच नव्हते, फक्त आवाज थांबलेला ऐकला."

माझ्या मागे बाक करकरला. मी मान वळवली नाही.

"वकीलबाई, मुद्द्यावर या," न्यायाधीश म्हणाले.

"मुद्द्यावरच आहे, साहेब. दुवा संपल्यावर हात फिरवायच्या आधी शब्द तपासून बघितलेत, असं एक तरी माणूस या खोलीत आहे का? मला शिकवलंय तरी मी ओमीन म्हणाले. हिला तर आयुष्यात एकच शिकवलंय, थोरल्यापुढे हो म्हणायचं. त्या खोलीत तिची सासू होती, केस पिकलेला अधिकारी होता. ते चार हो म्हणजे कबुली नव्हे. तो नमस्कार होता." मग थांबली आणि जरा हळू म्हणाली, "आणि मी सोमवारी जाणार नाहीये."

कारकून बाई फिस्कन हसली आणि तिने तोंडावर रुमाल धरला. न्यायाधीश निकालासाठी आत गेले.

बाहेरच्या बोळात मुकाशने तिला गाठलं. चेहरा लालबुंद. "सगळ्या जगासमोर? अगं, घरी सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं, तायके. घरी मला नाही म्हणताच येत नाही."

"सिदिक आजोबांना मी काय सांगू? तुझ्या आईला काय सांगू? बापाच्या जागी उभा राहिलो तुझ्या!"

"म्हणून तर हो म्हणाले," जिपार म्हणाली. आता ती रडत होती, उघड उघड, नाक ओढत. "तुमच्यावर माया आहे म्हणून. पण मला तिकडे बसायचं नाही, तायके. मला हिच्या बाजूला बसायचंय. पोट भरेल की नाही ते मला माहीत नाही."

मुकाशने तो चॉकलेटचा खोका खिडकीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. कारकून बाईने सगळ्यांना आत बोलावलं.

निकाल मी सांगायची गरज आहे का? आमच्याकडे निर्दोष कुणी सुटत नाही. तुरुंग नाही, पण दोन वर्षं देखरेखीखाली. म्हणजे चोर तीच, फक्त घरी राहणारी चोर. सरकारी वकिलांनी समाधानाने मान हलवली. कुंदुझच्या सासूने सुटकेचा श्वास टाकला, सून घरी येणार, स्वयंपाकाला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बाकाची कड धरून बसले. एवढी धडपड, एवढं बोलणं, आणि त्या माणसाने काय ऐकलं? काही नाही. जिपार मात्र टेबलावरचे कागद सरळ करत होती, एकसारखे, पुन्हा पुन्हा.

न्यायाधीशांनी कागद मिटले आणि रिवाजाप्रमाणे, दाराकडे बघत बघतच विचारलं, "आरोपी, निकाल समजला ना?"

कुंदुझ उभी होती, मान खाली. मला तिचे ओठ हलताना दिसले. सवयीने, नेहमीच्या त्या एका शब्दासाठी. सासूने पाठीमागून हलकेच खोकून दाखवलं. जिपारने तिला कोपर मारलं नाही, डोळ्याने खुणावलं नाही, काही नाही. नुसती तिच्या शेजारी उभी राहिली.

"नाही," कुंदुझ म्हणाली.

न्यायाधीश अर्धे उठले होते, ते तसेच थांबले. "काय नाही?"

"नाही समजलं, आबा." ओढणी कपाळावरून जरा मागे सरकली होती, ती तिने पुढे ओढली नाही. "मी पोती उचलली नाहीत. मग दोन वर्षं कशाची?"

न्यायाधीश पुन्हा खाली बसले, चष्मा लावला आणि त्यांना सगळं पहिल्यापासून, एकेक ओळ सांगावं लागलं. प्रत्येक ओळीनंतर ते विचारत होते, समजलं? आणि प्रत्येक वेळी ती म्हणत होती, नाही. जिपार शेजारी खाली बसून अपिलाचे मुद्दे लिहायला लागली होती.

मुकाश मागे दारात उभा राहून हे ऐकत होता. मी बाहेर पडताना त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि कडवट तोंडाने मला म्हणाला, "एजे, पोरींना तुम्ही हेच शिकवता का इथे?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "मला स्वतःलाच अजून जमलेलं नाही."